तीन फुटांत मावणारी गिटार

चिमाबाई : ही गाठीच्या पुढं जातीय. ही नको.

रामदास : अहो मावशी, गिटार काय पोलकं आहे का, दोरीनं माप घ्यायला? गिऱ्हाईक आवाज बघतं, रंग बघतं. एकानं तर गळ्यात अडकवून तासभर आरशात स्वतःलाच बघितलं. पण गाठ मारलेली दोरी घेऊन आलेल्या तुम्हीच पहिल्या.

चिमाबाई : गाठीच्या आत बसंल अशी दाखवा. तीन फूट हाय.

रामदास : ठेवायची कुठंय पण? कपाटात? मान थोडी बाहेर राहिली तर काय बिघडलं?

चिमाबाई : बाहेर काय बी राह्यला नको.

रामदास : बरं, राव. बसा तर खरं. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडकाय. कुठल्या तुम्ही?

चिमाबाई : पिंपरी पेंढार. मळ्यात असतो, वाट्यानं. माहेर डिंभ्याच्या वरलं, डोंगरातलं.

रामदास : आणि एसटीनं नारायणगावला आलात, गिटार घ्यायला! मानलं तुम्हाला. माझ्याकडं लोक ढोलकीची पुडी बदलायला येतात, नाहीतर तमाशावाले फाटके स्पीकर आणतात. गिटारी वर्षाला दोन जातात, त्यातली एक परत येते. वाजवायचं काय? भजन? ऑर्केस्ट्रा?

चिमाबाई : ब्लूज.

रामदास : काय म्हणालात?

चिमाबाई : ब्लूज म्हन्तात त्येला. तार दाबायची आन् वर वडायची. मग सूर रडाय लागतो.

रामदास : अगागागा! मावशी, बावीस वर्षं हे दुकान चालवतोय, हा शब्द इथं एकाच माणसानं काढला होता. एक पोरगा यायचा, बारक्या तारा घ्यायला. नाव कधी विचारलं नाही, मी त्याला ब्लूजवालाच म्हणायचो. वेडं होतं नुसतं. ह्या खुर्चीत बसून एकच तार दहा-दहा मिनिटं ओढायचं. हल्ली दिसला नाही.

चिमाबाई : दुसरी दाखवा.

रामदास : दाखवतो, दाखवतो. ही काळी बघा. जड आहे, पण आवाज जाडजूड. तारांखाली हे पिकप असतं, लोहचुंबक आणि त्याच्यावर तारेची गुंडाळी. हेच सूर उचलतं. हिची गुंडाळी दुहेरी, म्हणून फालतू घूं घूं येत नाही. आणि ही लाल, एकेरी गुंडाळीची. हिचा आवाज पातळ, धार असलेला. ब्लूजला झकास. पण खोड अशी की नुसती चालू केली तरी गुणगुणत बसते, हात न लावता.

चिमाबाई : मंग लालच.

रामदास : अहो, ती गुणगुण घालवायला लोक पैसे मोजतात!

चिमाबाई : मला पायजे ती. तेवढ्यावरच कान हुबं ऱ्हातात.

रामदास : कुणाचे?

चिमाबाई : ऐकनाऱ्याचं. पन ही बी लांब हाय हो. लाल आन् आखूड न्हाई का?

रामदास : आखूड एकच आहे. थांबा, वर टाकलीय. ही. जुन्नरच्या एका डॉक्टरांच्या मुलीची. दहावी आली आणि गिटार गेली. एकेरी गुंडाळीचीच, पस्तीस इंच. लावा दोरी.

चिमाबाई : बसली.

रामदास : बघा, झालं की नाही काम! आणि एक सांगू? हिची लांबी कमी, म्हणून तारा सैल लागतात. ओढायला सोप्या. लहान मुलांना बरी पडते. किती वर्षांचा आहे मुलगा?

चिमाबाई : चोवीस.

रामदास : चोवीस! मग हे खेळणं कशाला देताय त्याला? त्याला ही लाल मोठी द्या, सांगा रामदासनं दिली म्हणून.

चिमाबाई : त्यो न्हाई वाजवनार. वाजवनार मी. त्यो ऐकनार.

रामदास : तुम्ही? रागावू नका हं मावशी, मी हसत नाहीये. येते तुम्हाला?

चिमाबाई : तीन सूर येतात. त्येनंच शिकवलेत.

रामदास : तीन सुरांत पुष्कळ होतं. आता ॲम्प. गिटार एकटी काय कामाची, तिचा गळा म्हणजे ॲम्प. खरं ऐकायचं असेल तर तो कोपऱ्यातला. जुना, व्हॉल्व्हचा, आतले दिवे तापले की आवाजाला ऊब येते. मांजर सहा वर्षं त्याच्यावरच झोपतं. पण उचलायला दोन माणसं लागतात. तुम्हाला घरात पंधरा वॉटचा हा पुष्कळ झाला. सगळं मिळून सात हजारांत बसवतो, जा.

चिमाबाई : लाईटीवर चालतो का ह्यो?

रामदास : लाईटवरच की.

चिमाबाई : नको. लाईट जाती. बॅटरीवरला द्या.

रामदास : मग हा बारका. दहा वॉट. आवाज मरतुकडा वाटेल, पण हे गेनचं, आवाज चढवायचं बटण फिरवलं की बरं खरखरतं. चार्ज केला की सहा तास.

चिमाबाई : खातरीनं?

रामदास : मोठ्यानं लावला तर चार धरा. जास्तीची बॅटरी देतो, संपली की बदलायची. अर्धा मिनिट लागतं.

चिमाबाई : तेवढा येळ आवाज बंद?

रामदास : हो मग, बॅटरी काढल्यावर कसा वाजेल?

चिमाबाई : न्हाई चालनार. मधी बंद नाय पडला पायजे. दिस मावळल्यापासून उजाडंपत्तुर.

रामदास : बारा तास? अहो, कोण वाजवतंय एवढं! रात्रभर जागरण-गोंधळ आहे का? बरं, एक करता येईल. ट्रॅक्टरची बॅटरी जोडून देतो, दोन रात्री बघायला नको. ती बाहेर ठेवायची आणि वायर आत घ्यायची.

चिमाबाई : जाळीतून यील का वायर? बारीक हाय जाळी. चार बोटं जातात.

रामदास : कसली जाळी?

चिमाबाई : तुमी लावा. मला एकदा वाजवून बघू द्या.

रामदास : मावशी, कसली जाळी म्हणालात?

चिमाबाई : वाजवून बघू द्या की भाऊ, मंग सांगती.

(चिमाबाई वाजवते. तीनच सूर. तिसरा ओढून अर्ध्या वाटेत धरून ठेवते.)

रामदास : थांबा. थांबा जरा. हा सूर... कोमल पण नाही, शुद्ध पण नाही, दोन्हींच्या मधला. हा त्या पोराचा आहे. ह्याच खुर्चीत बसून तो हाच सूर ओढायचा.

चिमाबाई : सूर माझा हाय. भात लावताना आमी म्हनायचो, डोंगरात. त्येनं माझ्याकडनंच उचलला. म्हनायचा, आई, लोक हे शिकाय सात समुद्र जातात आन् तू चिखलात हुबी राहून गातीस.

रामदास : तुमचा होता तो? अहो आधी नाही का सांगायचं! कसा आहे? ऑर्केस्ट्रात लागणार होता ना मुंबईला? ... मावशी, ते मांजर बघा.

चिमाबाई : बघितलं.

रामदास : माझ्या दुकानात ढोलक्या बडवतात, ताशे वाजतात, ते कधी डोळा उघडत नाही. आणि आता उतरून तुमच्या पुढ्यात येऊन बसलंय. शेपूट पायाभोवती घेऊन. हुश्! हटत पण नाही की.

चिमाबाई : आसंच बसतं ते बी.

रामदास : कोण?

चिमाबाई : पेपरात आलं व्हतं न्हवं? आदेश त्येचं नाव.

रामदास : आई शपथ. पिंपरी पेंढारचा, बिबट्यानं नेलेला... तो हा? ब्लूजवाला? मला ठाऊक नव्हतं हो. मोबाईलवर फोटो आला होता, पण तो शाळेतला, मिशी नसलेला. मी बातमी वाचली आणि पुढं ढकलली. माफ करा मला.

चिमाबाई : तुमाला कसं म्हाईत आसनार.

रामदास : पाणी घ्या. कसं झालं?

चिमाबाई : रोज सांजच्याला बांधावर बसायचा वाजवत. घरातनं वायर वडलेली. पाठीमागं ऊस. उसात ते येऊन बसायचं, ह्ये आमाला आदुगरपास्नं म्हाईत व्हतं. दोन-तीन म्हयने येत व्हतं. बाजा, म्हन्जे तुमचा ॲम्प, नुसता गुणगुणला की कान वर दिसायचं. आदेश हसायचा, म्हनायचा, आई, माझं एकच गिऱ्हाईक हाय, फुकटं. कुनाला सांगू नको, न्हाईतर धरून न्हेतील.

रामदास : आणि तुम्ही सांगितलं नाही.

चिमाबाई : न्हाई सांगितलं. ती चूक माझीच हाय, आन् त्येच्या बापाची. त्या दिशी लाईट गेली. सूर आर्ध्यावर व्हता. मी चुलीपाशी व्हते, मला वाटलं आता यील घरात. आवाज बंद झाला तवा उसातनं बिबट्यानं उडी घातली. गिटार आदेशच्याच खाली घावली, मान मोडल्याली.

रामदास : मग आता हे कशासाठी, मावशी? हे घेऊन काय करणार तुम्ही?

चिमाबाई : फारेस्टनं पिंजरा लावलाय बांधाला. नऊ दिस झालं. पिंजऱ्याला दोन खण आस्त्यात. मोठ्यात त्येनं यायचं आन् दार पडायचं. मागं बारका खण, मधी जाळी. त्यात शेळी बांधत्यात.

रामदास : माहीत आहे मला. बघितलाय.

चिमाबाई : शेळीकडं ढुंकून बघत न्हाई ते. रोज येतं, आदेश बसायचा तितंच बसतं आन् जातं. आमचं कुत्रं, आदेशचं लाडकं, बिबट्याचा वास आला तरी घरात पळायचं. आता भुकत बी न्हाई. जाऊन त्येच्यापाशी निजतं. शेपूट हालवतं.

रामदास : मावशी, ती दोरी... तीन फूट म्हणजे...

चिमाबाई : शेळीचा खण तीन फूट हाय. मी बसती, गिटार तिरकी धरती, पायापाशी बाजा. बसतंय सगळं. मोजलंय मी.

रामदास : द्या ती गिटार इकडं. द्या म्हणतो ना! मी नाही विकणार. डोकं फिरलंय का तुमचं? तुम्ही शेळी व्हायला निघालात?

चिमाबाई : रागवू नगा. दार लोखंडाचं हाय, कडी बाहेरनं लागती.

रामदास : कोण लावणार कडी? कुणाला सांगितलंय हे?

चिमाबाई : आदेशच्या बापानं लावली परवा. कडी लावली, हालवून बघितली, आन् घरात जाऊन दाराला पाठ लावून बसले. फारेस्टचा सोमाजी शेळी बांधून गेला की मी ती सोडती.

रामदास : परवा? म्हणजे बसलात पण तुम्ही?

चिमाबाई : दोन दिस बसली. नुसत्या गळ्यानं म्हनलं. जवळ येतं. भवतीनं फिरतं. आत पाऊल टाकत न्हाई. गळ्याचा सूर त्येला वळखीचा हाय, पन त्येला बाजाच पायजे.

रामदास : मोबाईलवर त्याचं वाजवणं असेल ना? ते लावा स्पीकरवर. माणसानं आत बसायची काय गरज?

चिमाबाई : लावलं की. सोमाजीनंच लावलं. आलं, ऐकलं, पाठ फिरवून गेलं. सवताचंच वाजवल्यालं कोन ऐकत बसतंय?

रामदास : मावशी, असं बोलू नका. ते जनावर आहे. तुमचा पोरगा खाल्लाय त्यानं. गोळी घालायचा हुकूम निघालाय ना? येतील बंदूकवाले, करतील काम.

चिमाबाई : सोमवारी येनार हाईत. म्हनून तर आज आली. आमच्या वरल्या गावात म्हन्तात, वाघानं न्हेल्याला माणूस लगीच जात न्हाई. त्येच्याच संगं ऱ्हातो, घर बघत फिरतो. माझी आजी सांगायची, मला खरं वाटत नव्हतं. आता सांगा, सोमवारी गोळी घातली तर कुनाला लागंल ती?

रामदास : बिबट्यालाच लागणार, मावशी. दुसरं कोण आहे तिथं?

चिमाबाई : जित्ता घावला तर माणिकडोहला न्हेतील. तितं ठिवत्यात त्यास्नी, खायला घालत्यात, औषिदपानी करत्यात. आत नाय सोडनार मला, म्हाईत हाय. पन भिताडाच्या बाहेर तरी बसता यील न्हवं? हाय कुटंतरी, येवढं तरी म्हनता यील.

रामदास : आणि त्यानं आत आल्यावर तुमच्यावर झेप घेतली तर? मधे नुसती जाळी. पंजा येतो त्यातून.

चिमाबाई : परवा घातला व्हता. चार बोटं आली आत, माझ्या गुडघ्यापाशी.

रामदास : देवा! मग?

चिमाबाई : नखं मिटल्याली व्हती. मी बघत बसली. मला हात लावावा वाटला, भाऊ. लई वाटलं. पन भ्याली.

रामदास : भ्यालात ते बरं झालं. असंच भीत जा. ऐका, मी फॉरेस्टच्या त्या सोमाजीला फोन लावतो आत्ता, आणि तुमच्या सरपंचाला पण. मला पाप नको.

चिमाबाई : लावा. त्ये मला घरात कोंडतील, दुसरी शेळी आनतील. सोमवार तर यायचाच हाय.

(रामदास मोबाईल काढतो, नंबर शोधतो आणि मोबाईल उलटा करून काउंटरवर ठेवतो.)

चिमाबाई : लावा की. का थांबला?

रामदास : त्या पोरानं एकदा तारा नेल्या, पैसे देताना म्हणाला, रामदासभाऊ, तुम्ही एकटेच मला वेडा म्हणत नाही. मी म्हणत होतो खरंतर, पाठीमागं. ... द्या इकडं. तारा जुन्या आहेत, अशा रात्री तुटायला नकोत. नव्या बारीक घालतो. बॅटरी जोडतो, वायरीवर रबराची नळी चढवतो. ॲम्प एकाच्या ठिकाणी दोन देतो, एक बंद पडला तरी दुसरा घुमत राहील. गेन इथपर्यंत, ह्या खुणेपर्यंत. पुढं न्यायचा नाही, किंचाळेल.

चिमाबाई : दोन कशाला? मला परवडनार न्हाईत.

रामदास : गप्प बसा तुम्ही. माझी गाडी आहे, मी पोचवतो. बॅटरी काय डोक्यावर नेणार? आणि मी येतो तिथं. तुमच्या यजमानांबरोबर दाराशी बसतो, हातात काठी घेऊन. मला झोप लागणार नाही इथं.

चिमाबाई : या. पन बोलायचं न्हाई काय. बाहेर येऊन बघायचं बी न्हाई.

रामदास : नाही बोलणार. पण मला एक सांगा मावशी, खरं सांगा. समजा तुम्ही वाजवलं आणि ते आलं. आत पाऊल टाकलं, दार खाडकन पडलं. सापडलं. मग तुम्ही जाळीच्या अल्याड, ते पल्याड, दोघंही कोंडलेले. फॉरेस्टची गाडी सकाळी येणार. बिथरलेलं जनावर ते, रात्रभर धडका देईल. तेव्हा काय वाजवाल?

चिमाबाई : तवा कशाला वाजवू?

रामदास : मग?

चिमाबाई : बोलन त्येच्याशी. सकाळपत्तुर येळ आसतोय. जेवला का न्हाई, हे बी इचारायचं ऱ्हायलं व्हतं त्या दिशी.